सतराचा पाढा

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, तरावीहच्या नमाजनंतर, आमचा पुतण्या घरी आला. वाळूजच्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात आहे. पगार २२,००० रुपये. लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे. त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर रियाधच्या एका कंपनीचं ऑफर लेटर. पगार ५,००० रियाल.

"चाची, तुम जरा हिसाब कर को देव. जाऊं क्या नक्को?"

खरं तर हिशेब तो करूनच आला होता. ५,००० गुणिले २३, म्हणजे १ लाख १५ हजार. एका बाजूला बावीस हजार, दुसऱ्या बाजूला एक लाख पंधरा हजार. यात विचारण्यासारखं काय उरलं? त्याला आमच्याकडून फक्त 'हौ' ऐकायचं होतं.

आम्ही काही बोललो नाही. लोखंडी पेटीतून एक जुनी दोनशे पानी वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. २०१५ ते २०२१ या सात वर्षांचा आमचा हिशेब त्या वहीत आहे. पहिल्या पानावर सतराचा पाढा लिहिलेला आहे. तो का, ते पुढं येईलच.

या लेखात 'मी' येणार नाही. लिहिणारे हात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईचे आहेत. पण मिळवलं मुलांच्या अब्बांनी, चालवलं आम्ही आणि सोसलं सगळ्या घरानं. अशा हिशेबाला 'मी' कसं लिहायचं? म्हणून 'आम्ही'.

आमच्या शहराला परदेश नवा नाही. हे गाव, तेव्हाचं खडकी, १६१० साली वसवलं मलिक अंबरनं. तो हबशी, गुलाम म्हणून विकला जात जात समुद्रापलीकडून दक्षिणेत आला आणि इथलाच झाला. गावाला पाणी मिळावं म्हणून त्यानं नहर बांधली. पुढं १९४८ च्या पोलीस अॅक्शननंतर इथली काही माणसं उलट्या दिशेनं निघाली. आमच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ कराचीला गेले ते गेलेच. त्यांची पत्रं यायची, त्यात सुरुवातीला घराचं, दुकानाचं वर्णन असायचं आणि शेवटी एकच प्रश्न असायचा, "चिंच अजून आहे का?" आमच्या अंगणात तेव्हा चिंचेचं झाड होतं.

त्यानंतरचं जाणं आखातातलं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडं बांधकामं निघाली आणि आमच्या मोहल्ल्यांतले गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, टेलर मुंबईच्या एजंटांकडं रांगा लावू लागले. रोशन गेट, कटकट गेट, किराडपुऱ्यात आजही एखाद्या घराकडं बोट दाखवून लोक सांगतात, खालचा मजला वडिलांचा, वरचा जेद्दाहचा. मजला दिसतो. तो बांधणारा घरी किती रात्री झोपला, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

आमचं जाणं २०१४ मध्ये सुरू झालं. मुलांच्या अब्बांचा मेकॅनिकल डिप्लोमा, वाळूजला मेंटेनन्समध्ये नोकरी, पगार १४,०००. आम्ही २०१० ला बी.एड. करून एका विनाअनुदानित उर्दू हायस्कूलमध्ये लागलो होतो. महिन्याला ३,००० रुपये, तेही तीन-तीन महिन्यांनी. अनुदानित शाळेतल्या माध्यमिक शिक्षणसेवकाला तेव्हा ८,००० मानधन होतं. ते १८,००० व्हायला २०२३ उजाडलं. आमच्या तीन हजारांवर मात्र सही मोठ्या रकमेची घेतली जायची. अशा शाळांत शिकवलेल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. नणंदेच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर होतं. सासऱ्यांना दमा होता. अशात जेद्दाहहून ४,५०० रियालची नोकरी आली. ते एकटे गेले. वर्षभरानं, २०१५ मध्ये, फॅमिली व्हिसा मिळाला. निकाहनाम्याचा दाखला, त्याची साक्षांकनं, मुंबईच्या फेऱ्या हे सगळं झालं आणि पाच वर्षांचा मुलगा नि दोन वर्षांची मुलगी घेऊन आम्ही निघालो. शाळेचा राजीनामा दिला. शाळेनं तो दुसऱ्याच दिवशी मंजूर केला. जागेसाठी माणूस तयारच होता.

आता सतराच्या पाढ्याविषयी. रियालचा भाव डॉलरशी बांधलेला आहे, ३.७५ रियालला एक डॉलर, १९८६ पासून. तेव्हा डॉलर चौसष्टच्या आसपास होता, म्हणून रियाल सतरा रुपये. जेद्दाहला पहिल्या दिवशी बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, आम्ही टोमॅटो विचारले. किलोला पाच रियाल. सतरा पाचे पंच्याऐंशी! आम्ही टोमॅटो ठेवून दिले. कोथिंबिरीची जुडी दोन रियाल. सतरा दुणे चौतीस. तीही ठेवली. घरी आलो तेव्हा पिशवीत फक्त खुबूस होते, रियालला चार. मुलांचे अब्बा हसले. म्हणाले, "मिळवतो रियालमध्ये आणि तू खर्च करतेस रुपयात. असं केलंस तर उपाशी मरू." त्यांनीच वहीच्या पहिल्या पानावर सतराचा पाढा लिहिला आणि खाली लिहिलं, 'हा पाढा फक्त पैसे पाठवायच्या दिवशी म्हणायचा.'

ही साधी गोष्ट आमच्या समाजात जाणाऱ्यांना कोणीच सांगत नाही. जाणारा पगाराला गुणतो, खर्चाला गुणत नाही. ४,५०० ला सतरानं गुणून ७६,५०० रुपये होतात हे खरं. पण ते रुपये इथं खर्च होणार असतील तरच. तिथं राहून तिथंच खाणाऱ्याचे ते साडेचार हजार रियालच असतात.

पुतण्याला आम्ही २०१६ सालचं एक पान दाखवलं. महिन्याचा खर्च असा होता: दोन खोल्यांचं भाडं १,५००, तेही सहा महिन्यांचं एकदम. वीज १५०. खाणं-पिणं १,१००. मुलाची शाळा आणि बस ४५०. फोन, इंटरनेट २००. टॅक्सी २००. कपडे, औषधपाणी १००. बेरीज ३,७००. उरले ८००. आता यालाच सतरानं गुणा. १३,६००. म्हणजे वाळूजचा जो पगार सोडून आम्ही गेलो, तेवढेच पैसे समुद्रापार जाऊन मागं पडत होते.

आणि एकटे असताना? कंपनीची खोली, कंपनीची बस. तेव्हा दर महिन्याला ते ३,००० रियाल घरी पाठवत. दोन्ही आकडे वहीत समोरासमोर आहेत. ३,००० वजा ८००, बरोबर २,२००. सतरानं गुणले तर ३७,४००. ही एकत्र राहण्याची किंमत. नवरा-बायको-मुलांनी एका दस्तरखानावर जेवायचं, मुलीनं अब्बांच्या मांडीवर झोपायचं, याचे महिन्याला सदतीस हजार चारशे. आखातातलं प्रत्येक कुटुंब या आकड्याशी कधी ना कधी झुंजतं. बहुतेक जण तो आकडा लिहीत नाहीत. आम्ही लिहिला, एवढंच.

मग ते सगळे दिवस वाया गेले का? मुळीच नाही. जे पैशात आलं नाही ते सांगायला हवं.

तिथं नळाला पाणी होतं. दिवसा, रात्री, केव्हाही. लाल समुद्राचं खारं पाणी गोडं करून शहराला पुरवतात. पहिल्या आठवड्यात आम्ही सवयीनं बादल्या भरून ठेवल्या. शेजारच्या केरळी बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? आम्ही सांगितलं, पाणी गेलं तर? त्या म्हणाल्या, कुठं जाईल? वीज गेल्याचं आठवत नाही. रात्री अकराला बायका-मुलं समुद्रकाठी कॉर्निशवर बसलेली असायची, भीती वाटायची नाही. शुक्रवारी शेअर टॅक्सीनं मक्का ऐंशी किलोमीटर. २०१६ मध्ये सासू-सासरे व्हिजिट व्हिसावर तीन महिने आले. सासऱ्यांनी हरमच्या फरशीवर बसून कितीतरी वेळ काबागृहाकडं पाहिलं आणि दम्याच्या त्या माणसानं त्या दिवशी पंप मागितला नाही. ही नोंद कुठल्या रकान्यात करायची? आम्ही वहीत तारीख टाकली आणि पुढं नुसतं 'उमराह, अब्बा-अम्मी' असं लिहिलं. रक्कम लिहिली नाही.

पण त्याच शहरात आम्ही कोण होतो? आमच्या इकाम्यावर आम्ही अवलंबित होतो. अवलंबिताला नोकरी करता येत नव्हती. बी.एड.चं प्रमाणपत्र पेटीत होतं. इमारतीतल्या चार पोरांना घरात उर्दू आणि गणित शिकवायचो, तेवढंच शिकवणं. बाईला गाडी चालवायची परवानगी नव्हती. ती मिळाली जून २०१८ मध्ये, आम्ही परतल्यावर दोन महिन्यांनी. दूध संपलं तरी मुलांचे अब्बा येईपर्यंत थांबायचं. संध्याकाळी खिडकीत उभं राहून आम्ही त्यांची बस पाहायचो. इथं तीन हजारांवर राबणारी बाई निदान रोज सकाळी घराबाहेर पडत होती. कोणीतरी 'आपा, अस्सलाम अलैकुम' म्हणत होतं. वर्गात पाऊल टाकलं की साठ मुली उभ्या राहत होत्या. त्या साठ मुलींना सतरानं गुणता येत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तिथं नोकरी आहे तोवर घर आहे. इकामा संपला की माणूस संपला. वीस-पंचवीस वर्षं राहिलेली माणसं आम्ही पाहिली, त्यांची मुलं तिथंच जन्मली, अरबी बोलत मोठी झाली आणि बापाची नोकरी सुटताच महिन्या-दोन महिन्यांत सामान विकून निघाली. मुलांनी विचारलं, "हम कहाँ जा रहे?" बाप म्हणाला, "अपने वतन." मुलांना ते वतन माहीतच नव्हतं.

२०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले होते. तेलावर चालणाऱ्या सरकारला दुसरं उत्पन्न शोधणं भाग होतं. पेट्रोल स्वस्त म्हणून आम्ही ऐकून होतो, लिटरला ४५ हलाला, म्हणजे अर्ध्या रियालहूनही कमी. ते डिसेंबर २०१५ मध्ये ७५ हलाला आणि जानेवारी २०१८ मध्ये १ रियाल ३७ हलाला झालं. त्याच जानेवारीत ५ टक्के व्हॅट आला. पण आमच्यासारख्यांचं कंबरडं मोडलं ते डिपेंडंट फीनं. जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागं महिन्याला १०० रियाल. पुढच्या वर्षी २००, त्याच्या पुढच्या वर्षी ३००, २०२० मध्ये ४००. आणि भरायचे इकाम्याच्या नूतनीकरणावेळी, वर्षाचे एकदम.

आम्ही तिघं अवलंबित. त्या रात्री वहीत पुढचं गणित मांडलं. शिल्लक ८००. पहिल्या वर्षी ३०० गेले, उरले ५००. दुसऱ्या वर्षी ६०० गेले, उरले २००. तिसऱ्या वर्षी ९०० गेले की शंभरची तूट. चौथ्या वर्षी चारशेची तूट. एकत्र राहण्याची किंमत आता आमच्या कमाईबाहेर गेली होती. त्या वर्ष-दीड वर्षात आमच्या इमारतीतून कितीतरी कुटुंबं निघाली. जिन्यात रोज कोणाचा तरी फ्रिज, कोणाचा सोफा विकायला काढलेला असायचा. त्या केरळी बाईही गेल्या. जाताना त्यांनी आम्हाला त्यांची बादली दिली. "तुमच्याकडं लागेल," म्हणाल्या.

एप्रिल २०१८ मध्ये मुलांना घेऊन आम्ही परतलो. मुलांचे अब्बा तिथंच राहिले, पुन्हा कंपनीच्या खोलीत, एका खोलीत सहा जण. बादली खरंच लागली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा. पन्नासएक किलोमीटरवर पैठणला एवढा मोठा नाथसागर, गावात पाणचक्कीचं हौद भरलेलं आणि घरात रात्री दोनला उठून मोटार लावायची. मुलगा विचारायचा, "अम्मी, पानी कब आता?" आम्ही सांगायचो, बुधवारी. तो म्हणायचा, "कौनसे बुधवार?" शहराच्या पाण्यासाठी १,६८० कोटींची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली, पुढं तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. आकडा वाढला तसं पाणी वाढलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

मुलांचं शिक्षण हा दुसरा फटका. मुलगा तिथं सीबीएसईच्या शाळेत शिकलेला, त्याला मराठीचा 'म' येत नव्हता. तिसरीत घातला. मराठीच्या तासाला रडत यायचा. आम्ही उर्दूतून शिकवतो, घरी दखनी बोलतो, पण या मातीत मराठीशिवाय भागत नाही, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून रात्री जेवणानंतर त्याला बाराखडी शिकवली. आज तोच मुलगा मराठी वर्तमानपत्र आजीला वाचून दाखवतो आणि त्याचं दखनीत भाषांतर करतो. याचे श्रेय मात्र रियालला नाही.

त्या तीन वर्षांत पैसा खरा आला. दर महिन्याला ३,००० रियाल, तोवर भाव अठरावर गेलेला, म्हणजे ५४,००० रुपये. सासऱ्यांचं घर, त्यामुळं भाडं नाही. नणंदेच्या लग्नाचं कर्ज फिटलं. वर दोन खोल्या चढल्या. पडेगावला सहाशे चौरस फुटांचा प्लॉट झाला. आम्ही पुन्हा शाळेत लागलो, दुसऱ्या संस्थेत. स्कूटी घेतली. वही पाहिली तर आमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली पानं ही. फक्त त्या पानांवर घरातलं एक माणूस नाही. मुलगी अब्बांना फोनमध्ये ओळखायची. ते सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस ती त्यांना 'आप' म्हणून बोलायची आणि ते ऐकून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

सप्टेंबर २०२० चं पान पुतण्याला माहीत होतं. तरी त्यानं ते उलटलं नाही, आमच्याकडं पाहिलं. आम्ही म्हटलं, बघ.

सासऱ्यांना करोना झाला. दम्याचं शरीर. नऊ दिवस खासगी दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. बिल १ लाख ८६ हजार. ते पैसे आमच्या खात्यात होते, कारण मुलगा जेद्दाहला होता. मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत तेव्हा दागिने मोडले गेले. आमच्याकडं कोणापुढं हात पसरावा लागला नाही. दहाव्या दिवशी पहाटे ते गेले. नियमित विमानसेवा मार्चपासून बंद होती. वंदे भारतची विमानं होती, पण नाव नोंदवून वाट पाहायची. आणि एकदा निघालं तर परत जाता येईल याची हमी कोणी देत नव्हतं. नोकरी गेली तर घरात सात माणसं खाणारी. दफन तर त्याच दिवशी करायचं होतं. दिरांनी कब्रस्तानात लांबून फोन धरला. मुलांचे अब्बा पलीकडून एवढंच म्हणत होते, "जरा आगे लेव, अब्बा का चेहरा दिखाव." चेहरा दिसणं शक्य नव्हतं. मग नेटवर्क गेलं. त्यांनी खोलीत एकट्यानं गायबाना नमाज पढली. उरलेले पाच जण कामावर गेले होते.

नोकरी नसती तर दवाखान्याचं बिल कोणी भरलं असतं? आणि नोकरी होती म्हणून मुलानं बापाला माती दिली नाही. हे दोन्ही खरं आहे. एकातून दुसरं वजा करता येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गणिताच्या तासाला मुलींना आम्ही सांगतो, वेगळ्या एककांची वजाबाकी होत नाही, आधी एकक सारखं करा. इथं एकक सारखं करायचं कसं?

२०२१ मध्ये कंपनीनं माणसं कमी केली. तिथल्या कायद्यानं पहिल्या पाच वर्षांचा दर वर्षी अर्धा पगार आणि पुढच्या दर वर्षी एक पगार मिळतो. सात वर्षांचे साडेचार महिने. सुमारे चार लाख रुपये आणि एक सूटकेस घेऊन ते परत आले. पेन्शन नाही. खोटं कशाला बोलायचं, पेन्शन इथंही नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली आणि आमची शाळा तर अजून अंशतः अनुदानावर आहे. आज ते पुन्हा वाळूजला आहेत, पगार ३२,०००. आमचा धरून घर चालतं, शिल्लक फार पडत नाही. संध्याकाळी साडेसातला दारात बूट काढल्याचा आवाज येतो. रविवारी कधी शहागंजहून नान-खलिया आणतात. पाणी अजूनही साठवावं लागतं. मुलगी आता त्यांना 'तुम' म्हणते.

हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही पुतण्याच्या हिशेबाकडं वळलो. पगार ५,०००. तो बायकोला नेणार म्हणतो. तिची डिपेंडंट फी महिन्याला ४००, वर्षाचे ४,८०० रियाल, म्हणजे त्याचा जवळजवळ एक पगार. व्हॅट जुलै २०२० पासून १५ टक्के. रियाधची भाडी इतकी चढली की सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं पाच वर्षं भाडेवाढ गोठवली. पण जे चढलं ते उतरलं नाही. त्याला आम्ही लिहायला बसवलं. भाडं, वीज, खाणं, टॅक्सी, फी, वर्षातून एकदा येण्या-जाण्याचं तिकीट. रात्री बारापर्यंत तो लिहीत होता. मग त्यानं उरलेल्या आकड्याला तेवीसनं गुणलं आणि पेन खाली ठेवला.

"मतलब एक ही बात हुई ना, चाची. उसको लेकू गया तो पैसा नहीं, पैसा चाहिए तो वो नहीं."

आम्ही त्याला 'जाऊ नको' म्हटलं नाही. तसं म्हणायचा आम्हाला हक्क नाही. आमच्या वरच्या दोन खोल्या, प्लॉट, फिटलेलं कर्ज, सासऱ्यांचे ते शेवटचे नऊ दिवस, सगळं तिकडच्या पैशावर उभं आहे. बावीस हजारात आज भाड्यानं राहणाऱ्या तरुणाचं काय होतं, तेही आम्हाला दिसतं. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांना इथंच बरा पगार मिळाला असता तर कोणी हौसेनं गेलं नसतं. पण जायचं असेल तर डोळे उघडे ठेवून जावं. करार आपल्या हातात असावा, एजंटच्या नव्हे. त्यातला मूळ पगार किती नि भत्ते किती ते वाचावं. घर विकून जाऊ नये. किती वर्षांसाठी जायचं ते जाण्याआधी ठरवावं आणि घरातल्या बाईसमोर ठरवावं. पाठवलेल्या पैशाचं खातं दोघांच्या नावावर असावं. आणि बायकोचं शिक्षण, तिची नोकरी, कितीही लहान असो, 'तुझे तीन हजार कशाला' म्हणून सोडायला लावू नये. नवऱ्याची नोकरी गेली त्या दिवशी आमच्या घरात दुसरा पगार होता, तो याच लहान नोकरीचा.

सासूबाई इतका वेळ तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाता तो जा बेटा. मगर जाने के पहले घर में बैठकू सबके चेहरे देख ले." बाकी काही म्हणाल्या नाहीत.

ईदनंतर तो गेला. एकटाच. तीन वर्षांसाठी, असं दोघांनी मिळून ठरवलं आहे. त्याची बायको इथं बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडं गणिताचं अध्यापन समजून घ्यायला येते. परवा आली तेव्हा तिला एक नवी दोनशे पानी वही दिली. तिनं विचारलं, "चाची, पहले पन्ने पे तेवीस का पहाड़ा लिखूं क्या?"

आम्ही म्हटलं, लिही. पण त्याच्या आधी आजची तारीख लिही, आणि तीन वर्षांनंतरची.